पाचव्या लेव्हलनंतर विझर्ड एकटाच फाइट संपवतोय, स्पेल्सचा बॅलन्स कसा ठेवता?

घाटमाथा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी, पुण्यात डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर खेळायचा रोल-प्ले गेम) खेळवणारे इथे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतो. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, रविवारी दुपारी कर्वेनगरला एका मित्राच्या घरी जमतो, तीन-साडेतीन तास खेळतो. पाचवी एडिशन, २०१४चे नियम. जग मी स्वतः लिहिलेलं आहे, सह्याद्रीसारखा डोंगर, घाटवाटा, लेणी, जकातीची नाकी, असं. नाणेघाट डोक्यात ठेवून एक अख्खा घाट बनवलाय, वरती दगडी रांजण, त्यात व्यापारी जकात टाकतात, शेजारी गुहा, आणि खाली उतरणारी अरुंद नळी. ज्यांनी जुन्नरकडून घाटघरला जाऊन ते बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

तर पार्टी पाचव्या लेव्हलला पोचली आणि सगळं गणितच बदललं. त्या नळीत मी बारा पुंड उभे केले होते, वर त्यांचा सरदार. पुंड म्हणजे साधा बँडिट, ११ एचपीचा, म्हणजे ११ डॅमेज झाला की मेला. नकाशा ग्राफ पेपरवर काढला होता, अप्पा बळवंत चौकातून मोठे शीट आणून, नळी पंधरा फूट रुंद. विझर्डचा (जादूगार खेळणारीचा) इनिशिएटिव्ह, म्हणजे टर्नचा नंबर, पहिला आला, तिने फायरबॉल टाकला, ८डी६ म्हणजे सहा बाजूंचे आठ डाय, आले ३०. ज्यांचा सेव्ह (स्पेलपासून वाचायचा रोल) झाला त्यांना १५, ज्यांचा नाही झाला त्यांना ३०, म्हणजे सगळेच मेले. सरदार राहिला म्हणून गुहेतून तीन दांडगे बाहेर काढले, तर पुढच्या राउंडला हिप्नॉटिक पॅटर्न, सरदार आणि दोन दांडगे जागच्या जागी डोळे लावून उभे. आमचा फायटर निगडीहून बाइकवर येतो, एवढ्या लांबून, त्याने त्या अख्ख्या फाइटमध्ये मिनी (नकाशावरची छोटी मूर्ती) तीस फूट पुढे सरकवली आणि खिळून उभ्या असलेल्या माणसांना दोरीने बांधलं. बस. नंतर तो मोबाइल बघत बसला होता आणि मला ते बघून खरंच वाईट वाटलं, कारण त्याची काहीच चूक नाही, आणि विझर्डवालीची पण नाही, तिने तिच्याकडे आहे ते वापरलं.

आता डोक्यात असं चाललंय की फायरबॉल ६डी६ करावा, हिप्नॉटिक पॅटर्न बंद करावा, किंवा प्रत्येक स्पेल टाकताना रोल करायला लावावा आणि रोल फसला तर स्पेल वाया. किंवा मोठ्या शत्रूंना सरसकट मॅजिक रेझिस्टन्स (स्पेलविरुद्धच्या सेव्हला फायदा) द्यावा. तुम्ही लोक काय करता? नुसतं "खेळाडूंशी बोला" असं नको, ते करणारच आहे, पण बोलताना माझ्याकडे काहीतरी ठोस हवं.

पर्वतीपायथा:

दादा, आधी एक सांग, तुमच्या गेममध्ये एका लॉन्ग रेस्टपासून (रात्रभराची विश्रांती, स्पेल परत मिळतात) दुसऱ्या लॉन्ग रेस्टपर्यंत फाइट किती होतात? तुझ्या वर्णनावरून वाटतंय की एका रविवारी एक फाइट, आणि सेशन संपलं की "ठीक आहे, रात्र झाली, सगळे झोपले". असं असेल तर फायरबॉल ४डी६ केलास तरी फरक पडणार नाही.

गणित बघ. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २ स्लॉट, एक स्पेल टाकला की एक स्लॉट गेला. आर्केन रिकव्हरीने दिवसातून एकदा, तेही शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घेतला तर, तिसऱ्या लेव्हलचा अजून एक परत मिळू शकतो. म्हणजे फायरबॉल आणि हिप्नॉटिक पॅटर्न मिळून दिवसाला दोन, फार तर तीन. २०१४च्या डीएम गाइडमध्ये दिवसाला ६ ते ८ मीडियम किंवा हार्ड एन्काउंटर पेलतील असा हिशोब दिलाय, आणि त्याच हिशोबाने स्लॉट वाटलेत. आठ एन्काउंटरमध्ये दोन फायरबॉल म्हणजे विझर्डला प्रत्येक वेळी विचार करावा लागतो की आत्ता टाकू का पुढे याहून वाईट काही आहे. तुझ्याकडे एकच एन्काउंटर आहे, मग तिने विचार कशाला करावा? रोज पगार होत असेल तर महिनाअखेरीचा हिशोब कोण ठेवतो.

आणि फायटर बघ. त्याचा अ‍ॅक्शन सर्ज (एका टर्नला जादा कृती), सेकंड विंड (थोडे एचपी परत) शॉर्ट रेस्टला परत येतं, तलवार तर कधी संपतच नाही. पाचव्या लेव्हलला दोन अटॅक, ग्रेटसोर्ड असेल तर एका फटक्याला सरासरी ११, दोन लागले तर २२, अ‍ॅक्शन सर्जला चारही लागले तर ४४. तुझ्या सरदाराचे एचपी ६५ असणार, त्याच्यासमोर फायरबॉलचे सरासरी २८ काहीच नाहीत, तिथे फायटरच राजा आहे. पण त्याची ताकद दिवसभर टिकण्यात आहे आणि तुझा दिवस संपतो एका फाइटमध्ये. म्हणून तो फिका दिसतो.

त्यामुळे माझं म्हणणं, सेशन संपलं म्हणजे दिवस संपला हे पहिलं मोड. गेममधला एक दिवस दोन-तीन रविवार चालू दे. सेशन संपताना प्रत्येकाने आपल्या शीटचा फोटो ग्रुपवर टाकायचा, किती एचपी, किती स्लॉट, पुढच्या वेळी तिथूनच सुरू. आम्ही हेच करतो आणि विझर्ड खेळणारा माणूस तिसऱ्या लेव्हलचा शेवटचा स्लॉट असताना किती वेळ डोकं खाजवतो ते बघण्यासारखं असतं, तेच खरं विझर्ड खेळणं आहे असं मला वाटतं.

दिवसात इतक्या फाइट बसतच नसतील, कारण घाटातल्या प्रवासात रोज आठ वेळा कोण लढणार, तर डीएम गाइडमधला ग्रिटी रिअ‍ॅलिझम नावाचा पर्याय बघ. शॉर्ट रेस्ट ८ तासांचा, लॉन्ग रेस्ट ७ दिवसांचा. म्हणजे वाटेत रात्री झोपलात तर तो शॉर्ट रेस्ट, लॉन्ग रेस्ट हवा तर गावात पोचून आठवडाभर मुक्काम. प्रवासाच्या गेमला हे फार चांगलं बसतं. फक्त एक लक्षात ठेव, मेज आर्मरसारखे आठ तासांचे स्पेल तिथे मार खातात, कारण तो स्लॉट आठवडाभर परत येत नाही. ते आधीच ठरवून घ्या, मी तर असे स्पेल पुढच्या रेस्टपर्यंत चालू ठेवू देतो.

निळी शाई:

पर्वतीपायथाला पूर्ण +१, पण मी स्वतः विझर्ड खेळते म्हणून दुसरी बाजू पण मांडते.

६डी६चं म्हणशील तर ते हवेतून आलेलं नाही, डीएम गाइडमध्ये नवीन स्पेल बनवण्याचा तक्ता आहे त्यात तिसऱ्या लेव्हलला अनेकांवर लागणाऱ्या स्पेलला ६डी६च दिलंय. फायरबॉल त्या तक्त्याच्या वर आहे आणि तो मुद्दाम तसा ठेवलाय, गेमची ओळखच आहे ती. पण तुझ्याच फाइटमध्ये ६डी६ लावून बघ काय होतं. सरासरी २१. सेव्ह फसला तो पुंड मेला, सेव्ह झाला त्याला निम्मे म्हणजे १०, त्याचा १ एचपी उरला. तुमच्या विझर्डचा इंट (बुद्धी) १८ धरला तर डीसी, म्हणजे सेव्हला लागणारा आकडा, १५, बँडिटचा डेक्स (चपळाई) +१, म्हणजे वीस बाजूंच्या डायवर १४ किंवा जास्त हवेत, ३५ टक्के. बारापैकी चार जण उरले, एक एक एचपीचे. आता फायटरने ते चार टिपत फिरायचं. याने त्याचा दिवस चांगला जाईल का? मला नाही वाटत. उरलेलं उष्टं आवरायला ठेवल्यासारखं वाटेल त्याला.

खरी फाइट संपवली ती हिप्नॉटिक पॅटर्नने. डॅमेजवाल्या स्पेलला शत्रूच्या एचपीची तरी अडचण असते, या कंट्रोलवाल्या स्पेलला नसते, ११ एचपीचा असो नाहीतर १११चा, विस्डम सेव्ह फसला की संपला. त्यामुळे बॅलन्स करायचा असेल तर नजर तिकडे हवी. पण बंद करायच्या आधी तो स्पेल नीट वाच. ३० फुटांचा क्यूब आहे, आणि जो अडकलाय त्याला दुसऱ्या कुणीही एक अ‍ॅक्शन खर्च करून हलवलं की तो शुद्धीवर येतो, डॅमेज झाला तरी येतो. तुझा तिसरा दांडगा मोकळा होता ना? त्याने पहिलं काम सरदाराला गदागदा हलवायचं केलं पाहिजे होतं. आणि हा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल आहे, टाकणाऱ्याचं लक्ष उडालं की संपतो. त्या दांडग्याच्या हातात गोफण दे, नाहीतर वरच्या कड्यावर तीन क्रॉसबोवाले ठेव. प्रत्येक बाण लागला की कॉन (काटकपणा) सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. कॉन १४ असलेल्या विझर्डला डायवर ८ हवेत, ६५ टक्के. एकदा ठीक आहे, तीन बाण लागले तर तिन्ही वेळा टिकायची शक्यता २७ टक्क्यांवर येते. नियमात हाताशी एवढं सगळं आहे.

आणि हो, मॅजिक रेझिस्टन्स सरसकट नको. प्लीज. मी अशा टेबलवर खेळलेय जिथे विझर्डने काही चांगलं केलं की पुढच्या सेशनला सगळे शत्रू नेमके त्याच गोष्टीला इम्यून. तेव्हा खेळाडूला कळतं की हे जग आपल्याविरुद्ध लिहिलं जातंय. बदल करायचा तर तोंडावर सांगून कर आणि तिला तो स्पेल बदलून दुसरा घेऊ दे, पडद्यामागे डीसी वाढवू नकोस.

खडकवासला_रॉग:

स्पेल रोल करायला लावायची आयडिया सोडून दे. शॅडोडार्क, डंजन क्रॉल क्लासिक्स या गेम्समध्ये स्पेल टाकताना रोल असतो पण तिथे अख्खा गेम त्याभोवती बांधलाय, तिथे स्लॉटच नाहीत, रोल जमत राहिला तर तोच स्पेल पुन्हा पुन्हा टाकता येतो. पाचव्या एडिशनमध्ये स्लॉट पण जाणार, वर टाकायचा रोल, वर शत्रूचा सेव्ह. दोन्ही ठिकाणी ६५ टक्के धरले तरी हातात येतात ४२ टक्के. कोण खेळेल विझर्ड?

बॅन एकच कर, सिल्व्हरी बार्ब्स, तुमच्याकडे असेल तर. पहिल्या लेव्हलचा स्लॉट, दुसऱ्याच्या टर्नला वापरायची रिअ‍ॅक्शन, आणि शत्रूचा झालेला सेव्ह परत रोल करायला लावतो, वर आपल्यातल्या एकाला दोन डाय टाकून मोठा घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज. २०२१मध्ये आलेला स्पेल आहे. बाकी काही बॅन करायची गरज पडत नाही.

तैलबैला:

सगळे फाइटबद्दल बोलताय म्हणून मी दुसरं लिहितो. धागाकर्त्याचा गेम घाटवाटांचा आहे. मी पण तसाच चालवतो, कारण वर्षभर सुट्टीत डोंगरात असतो आणि ती मजा टेबलवर आणायची होती, पाणी कुठे मिळेल, अंधार पडायच्या आत कड्याखाली पोचू का, कुणाच्या पायाला लागलं तर काय. तिथे फायरबॉलचा काही त्रास नाही. तिथे त्रास गुडबेरीचा. पहिल्या लेव्हलचा स्पेल, दहा बेरी, एक खाल्ली की एका माणसाचं दिवसाचं पोट भरतं. झालं, शिदोरीचा अख्खा विषय संपला. आणि टायनी हट. तिसऱ्या लेव्हलचा, पण रिचुअल, म्हणजे दहा मिनिटं जास्त दिली तर स्लॉटसुद्धा जात नाही, आठ तास घुमट, बाहेरचं कुणी आत येत नाही, आत हवामान मस्त. वर पर्वतीपायथाने सांगितलंय तसे रेस्ट कमी करशील ना, तर पार्टी पहिली गोष्ट हीच करेल, कुठेही मधेच घुमट टाकून झोपेल.

यावर मी काय करतो ते सांगतो. घुमट हलत नाही, आणि टाकणारा बाहेर पडला की संपतो. बाहेरून आत दिसत नाही पण घुमट तर दिसतो ना. घाटातल्या टोळीला रात्री दहा फूट त्रिज्येचा एक घुमट वाटेत दिसला तर ती काय करेल? हल्ला नाही करणार. पुढे जाऊन नाक्यावर खबर देईल, वाट अडवेल, भोवती धोंडे रचेल, ओला पालापाचोळा पेटवून सकाळची वाट बघत बसेल. रेस्ट मिळाला पार्टीला, कुणी हिसकावला नाही, पण आठ तास शत्रूला पण मिळाले. वेळ ही खरी किंमत असते. काफिला पौर्णिमेला घाट चढणार असेल तर एक झोप म्हणजे एक दिवस गेला. तुझ्या जगात असं कॅलेंडर भिंतीवर लावून ठेव, कुठल्या दिवशी काय होणार, पार्टी पोचो वा न पोचो. मी खरंच कागदावर छापून टेबलवर ठेवतो आणि खेळाडू झोपायचं म्हणाले की सगळ्यांसमोर एका चौकोनावर फुली मारतो. ती फुली बघून निम्म्या वेळा स्वतःच म्हणतात, नको, चला अजून एक गुहा बघू.

दुसरं म्हणजे किमतीवाले कंपोनंट, स्पेल टाकायला लागणाऱ्या वस्तू. मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायला ३०० गोल्डचे हिरे लागतात आणि ते खर्च होतात. बहुतेक टेबलवर काय होतं, शीटवरचे ३०० गोल्ड वजा केले की हिरा आपोआप आला. असं नको. हिरा कुठून आला? तुझ्या घाटाखाली बंदर असेल, वर बाजारपेठेचं गाव असेल, मधे जकात. तिथे अख्ख्या हंगामात असे दोनच हिरे वर येतात आणि दुसरा कुणीतरी सावकारपण ते शोधतोय असं केलंस तर मेलेल्याला उठवणं हा स्पेल न राहता एक मोहीम होते. नियमाचा एक शब्द बदलावा लागत नाही.

गुडबेरीला मात्र मी थेट बदल केलाय, मिसलटोची (एक प्रकारचं बांडगूळ) जी काडी लागते ती स्पेलबरोबर खर्च होते, रानात शोधायची. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

एकविसावा_डाय:

या विषयात थोडा इतिहास पण कामाचा आहे. १९७४ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिला गेम काढला तेव्हापासून हाच प्रश्न आहे आणि प्रत्येक एडिशनने वेगळं उत्तर दिलंय. जुन्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीमध्ये मॅजिक-यूझरला (तेव्हाचा विझर्ड) एचपीचा डाय डी४, स्पेल म्हणता म्हणता फटका बसला तर स्पेल गेला, आणि लेव्हल चढायला लागणारा एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) पण प्रत्येक क्लासचा वेगळा. २००८च्या चौथ्या एडिशनने सगळ्याच क्लासना सारख्या धर्तीच्या पॉवर्स दिल्या, बॅलन्स छान झाला पण विझर्ड आणि फायटर खेळताना एकसारखेच वाटतात म्हणून बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. मला स्वतःला आवडायचं, पण असो. पाथफाइंडर या दुसऱ्या गेमच्या २०१९च्या दुसऱ्या एडिशनचं उत्तर मला सगळ्यात हुशार वाटतं. तिथे सेव्हचे चार निकाल, क्रिटिकल यश, यश, अपयश, क्रिटिकल अपयश, त्यामुळे सेव्ह झाला तरी बऱ्याच स्पेल्सचा थोडा परिणाम होतोच, विझर्डचा टर्न वाया गेल्यासारखा वाटत नाही. आणि जे स्पेल माणसाला एका झटक्यात बाद करतात त्यांच्यावर इनकॅपॅसिटेशन असा शिक्का आहे, समोरच्याची लेव्हल स्पेलच्या रँकच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर त्याचा निकाल एक पायरी चांगला धरायचा. म्हणजे प्याद्यांवर स्पेल पूर्ण चालतो, सरदारावर अर्धवट चालतो. पाचव्या एडिशनमध्ये त्याच जागी लेजंडरी रेझिस्टन्स आहे, दिवसातून ३ वेळा फसलेला सेव्ह झाला असं म्हणायचं, पण त्यात विझर्डचे तीन स्लॉट नुसते खपतात आणि काही घडत नाही.

तुला यातलं एक उचलायचं असेल तर हे कर. सरदार लोकांना फाइटमध्ये एकदा, फसलेला सेव्ह झाला असं म्हणता येईल, पण त्याची काहीतरी दिसणारी किंमत. ढाल फुटली, किंवा गुडघ्यावर आला आणि पुढच्या टर्नला हलता येत नाही. विझर्डला कळतं आपण काहीतरी तोडलं, आणि गुडघ्यावर आलेल्या माणसापर्यंत फायटर पोचतो.

जुन्या फायरबॉलचं अजून एक सांगतो, कारण तुझ्याकडे लेणी आहेत. तेव्हा स्फोट जागेचा आकार घ्यायचा, साधारण ३३,००० घनफूट भरेपर्यंत पसरायचा. लेण्यातला एक विहार घे, ३० बाय ३०, उंची १० फूट, ९,००० घनफूट झाले. म्हणजे तसले साडेतीन विहार भरून आग दारातून तुमच्याच अंगावर. आजच्या नियमात तो २० फूट त्रिज्येचा गोलच राहतो, कोपरे वळतो पण फुगत नाही. सगळ्यांना मान्य असेल तर बंद जागेत जुना नियम लावून बघ. नळीत उघड्यावर विझर्ड भारी, लेण्यात तिला विचार करावा लागेल आणि फायटरला दारात उभं राहायचं कारण मिळेल.

ढालकरी:

मी फायटरच खेळतो, बार्बेरियन पण खेळलोय, विझर्ड कधी नाही. त्यामुळे त्या निगडीवाल्या भावाच्या बाजूने लिहितो.

आम्हाला डॅमेज कमी पडतो म्हणून कंटाळा येत नाही हो. कंटाळा येतो जेव्हा आपण तिथे नसतो तरी तेच झालं असतं तेव्हा. विझर्डचे स्पेल कापून हे सुटत नाही. विझर्डकडे एखादा प्रॉब्लेम आला की तो शीट उघडतो, तिथे वीस उत्तरं लिहिलेली असतात. माझ्या शीटवर लिहिलंय अटॅक, अटॅक. त्यामुळे डीएमने फायटरला जगात जागा द्यायची असते. नाक्यावरचे शिपाई कुणाला ओळखतात? त्याला. तो पूर्वी त्या घाटाच्या बंदोबस्तात होता असं ठरवा, मग सरदार त्याच्याशीच बोलणार, विझर्डकडे बघणार पण नाही. सरदाराने एकट्याने लढायचं आव्हान दिलं तर ते त्यालाच. ग्रॅपल (पकडून धरणं), शव्ह (ढकलणं) हे लोक विसरतात, कड्याच्या टोकाला एक शव्ह फायरबॉलपेक्षा भारी पडतो आणि त्याला कुठला स्लॉट लागत नाही.

अजून एक, जे कुणी लिहिलं नाही अजून. विझर्डवालीला सांगा हेस्ट घ्यायला. तिसऱ्या लेव्हलचाच आहे. फायटरचा एसी (बचावाचा आकडा) +२, स्पीड दुप्पट, वर एक अटॅक जास्त. तिचं कॉन्सन्ट्रेशन माझ्यावर आहे म्हटल्यावर मी तिच्यापुढे ढालीसारखा उभा राहणार कारण तिला लागलं आणि स्पेल सुटला तर माझा अख्खा टर्न जातो. बघा दोघांचं नशीब कसं एकमेकांत अडकलं. आमच्या टेबलवर हे सुरू झालं तेव्हापासून मी आणि आमचा विझर्ड टर्नच्या आधी एकमेकांशी बोलायला लागलो, आधी प्रत्येक जण आपापलं खेळायचा. पण हे तिच्यावर लादू नका, तिला फायरबॉल आवडत असेल तर तो तिचा हक्क आहे.

घाटमाथा:

एवढं भरभरून लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. आज विझर्डवाली आणि फायटरवाला दोघांशी कॉलवर बोललो, हा धागा पण वाचायला दिला.

ठरलं ते असं. फायरबॉल ८डी६च राहणार. स्लॉटचे फोटो ग्रुपवर, दिवस सेशनबरोबर संपणार नाही. ग्रिटी रिअ‍ॅलिझम पूर्ण नाही घेतलं, पण घाटात असताना लॉन्ग रेस्ट फक्त वस्तीवर किंवा नाक्यावर मिळणार, उघड्यावर झोपलात तर शॉर्ट रेस्ट. टायनी हटमध्ये झोपलं तरी शॉर्टच, हे ऐकून ती जरा नाराज झाली, मग मी तिला तो स्पेल बदलून दुसरा घे म्हटलं तर तिने स्वतःहून हेस्ट घेतला, ढालकरींची पोस्ट वाचून. तैलबैलाचं कॅलेंडर उचलतोय. बंद लेण्यातला जुना फायरबॉल तर दोघांनाही इतका आवडला की फायटर म्हणाला एकदा तरी आपल्याच अंगावर येऊ दे.

फायटर घाटाचा जुना शिपाई, हे पण ठरलं. सरदार त्याच्याच पथकातला होता, पळून गेलेला. हे त्याने स्वतः सुचवलं, आणि तासभर त्यावरच बोलत होता.

एक शेवटचं विचारतो. पुढे शत्रूकडे एक जादूगार येतोय, त्याला काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल टाकतानाच बंद पाडणारा) द्यायचाय. २०१४चा द्यावा का २०२४चा? खेळाडूच्या तोंडातला घास काढल्यासारखं होऊ नये.

निळी शाई:

२०२४चा दे, डोळे झाकून. जुन्यात तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल आपोआप बंद पडतो आणि खेळाडूचा स्लॉट पण जातो, स्वतःचा काउंटरस्पेल नसेल तर पाचव्या लेव्हलच्या विझर्डला त्यावर करण्यासारखं फारसं काही नसतं. नव्यात टाकणाऱ्याला कॉन सेव्ह मिळतो, आणि फसला तरी स्लॉट वाचतो, फक्त टर्न जातो. तुमच्या नवीन रेस्टच्या नियमात एक स्लॉट जाणं फार महाग आहे, त्यामुळे हे तर हवंच. आणि हा बदल तिच्या काउंटरस्पेललाही लागू, हे तिला आधी सांग.

पर्वतीपायथा:

त्यात अजून एक, त्या जादूगाराला ६० फुटांच्या आत यावं लागतं आणि स्पेल टाकणारा दिसावा लागतो. म्हणजे विझर्ड खांबाआड राहिली किंवा ६५ फुटांवर थांबली तर काउंटरस्पेल नाही, फायरबॉलची रेंज १५० फूट आहे. आणि रिअ‍ॅक्शन एकच असते, ती फायटरने त्याच्याकडून आधी काढून घेतली तर रस्ता मोकळा. नकाशा काढताना खांब भरपूर काढ.

ढालकरी:

आणि त्या जादूगाराला फायटरपासून तीस फुटांवर ठेव, साठवर नको.